आमच्या लाइनीतला जुगारी

आमच्या क्वार्टरच्या लाइनीत एक जुगारी राहतो आणि आम्हा सगळ्यांना त्याचा अभिमान आहे. शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईनं असं बोलणं शोभत नाही, हे मला कळतं. पण तुम्ही हिरामणभाऊंना त्या वर्षी पाहायला हवं होतं. सकाळी व्हरांड्यात खुर्ची टाकून, तोंडाला साबण फासून, हातात आरसा धरून ते स्वतःकडे रोखून बघत बसलेले असायचे. दाढी करतायत म्हणावं तर वस्तरा कुठं दिसायचा नाही. साबण वाळून त्याचे पोपडे पडायला लागले तरी यांची नजर हटायची नाही. आतून त्यांची बायको शकुन ओरडायची, "तोंड धुवा आता, फॅक्टरीची बस येऊन राहिली!" त्यावर ओठ न हलवता साबणाच्या आतून उत्तर यायचं, "थोबाड बनवून राहिलो."

थोबाड म्हणजे पोकरचं थोबाड. पत्ते कसेही आले तरी चेहऱ्यावरची रेघ हलू द्यायची नाही, हा त्या खेळाचा पहिला नियम त्यांनी कुठल्याशा व्हिडिओत पाहिला होता. आता ज्या माणसाला स्वतःचा आनंद दोन मिनिटं पोटात ठेवता येत नाही, त्यानं नेमका हाच खेळ निवडावा! बोनस जमा झाला की हिरामणभाऊंच्या चालीवरून तो लाइनीतल्या शेवटच्या क्वार्टरपर्यंत कळतो. पोराला चांगले मार्क पडले तेव्हा त्यांनी कुरिअर द्यायला आलेल्या अनोळखी माणसाला बळजबरीनं बसवून चहा पाजला होता.

भाऊ जवाहरनगरच्या फॅक्टरीत आमच्या ह्यांच्याच सेक्शनला आहेत. धिप्पाड अंग, भरघोस मिशी, आणि आवाज असा की गावी बोलताना यांना फोनची गरज काय, असं वाटावं. गाव मोहाडीकडचं, धानाच्या बांध्यांमधलं. एका रविवारी ते आमच्याकडे आले, चपला बाहेर नीट जोडीनं लावल्या आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसून म्हणाले, "मॅडम, तुमच्यापासून एक शिकाचं हाये. ते दहावीच्या पुस्तकात शक्यता का काय असते ना, ते मले समजावून द्या."

मला फार बरं वाटलं. पन्नाशीला टेकलेला माणूस आपणहून गणित शिकायला येतो, असं मास्तरकीत रोज घडत नाही. मी वही काढली. सहज विचारलं, "कशासाठी हवंय?"

"जुगार खेळाचा हाये."

आमच्या ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं. "हळू बोल ना गा हिरामण! सरकारी क्वार्टर हाये हे."

"त्यात लपवाचं काय? पोकर म्हनतेत त्याले. नशीब कमी, डोस्कं जास्त. मोठमोठे लोक त्याच्यावर घर चालवून राहिले." मग माझ्याकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "धंदा हाये मॅडम, खेळ नोहे."

हे वाक्य पुढे वर्षभर आम्ही इतक्या वेळा ऐकलं की आमच्या ह्यांनी भाजी आणायला जातानाही ते वापरायला सुरुवात केली. मी एकदा चुकून 'वरकमाई' म्हटलं तर भाऊ दुखावले. "तो शब्द नका वापरू. सरकारी माणसाले तो शोभत नाही. जोडधंदा म्हना."

धंदा कशासाठी, तर बैलजोडीसाठी. आमच्याकडे पोळ्याला गावाच्या शिवेवर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात आणि गावातल्या सगळ्या जोड्या सजवून त्याखाली ओळीनं उभ्या करतात. भाऊंच्या घरची जोडी त्या ओळीत पिढ्यान्‌पिढ्या उभी राहत आलेली. पुढे थोरला भाऊ वारला. मग एक बैल गेला, दुसरा एकटा काय कामाचा म्हणून विकला, जमीन बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, दिली, तिथं ट्रॅक्टर फिरू लागला. गोठा रिकामा झाला. तेव्हापासून भाऊ पोळ्याला गावी जायचे ते खाली मान घालून. आता येत्या पोळ्याला आपली जोडी तोरणात उभी करणार, असं त्यांनी भरल्या बसमध्ये जाहीर करून टाकलं होतं. "इज्जतचा सवाल हाये," असं त्याला शेपूटही जोडलं होतं.

मी विचारलं, "पगारातून घ्या की." तर पगार शकुनच्या हातात जायचा, त्यातून घराचा हप्ता आणि पोराचं कॉलेज. कर्ज काढायचं म्हटलं तर भाऊ म्हणाले, "कर्जाचा बैल तोरनात उभा केला तर लोक म्हनतीन, बँकेची जोडी आली." बैल आणून ठेवणार कुठं, कोण सांभाळणार, असल्या प्रश्नांना ते 'मंगची गोष्ट' म्हणून हात झटकायचे.

शकुननं मात्र मला कुंपणापाशी उभं राहून निराळंच सांगितलं. गावच्या घरी भाऊंच्या थोरल्या वहिनी एकट्या राहतात. त्यांना मूलबाळ नाही. भाऊंची आई लवकर गेली, तेव्हा या वहिनींनीच दिराला न्हाऊमाखू घालून वाढवलं. क्वार्टरवर या म्हटलं तर म्हणतात, घरात दिवा कोण लावेल. "आन् मॅडम," शकुन आवाज खाली आणून म्हणाली, "रात्री झोपेतून उठून गोठ्यात जातेत म्हने. बैलायले पानी पाजाले. तिथं गेल्यावर आठवते का गोठा खाली हाये. शेजारनीनं सांगतलं तवापासून यायच्या जिवाले चैन नाही. इज्जत-बिज्जत सारं तोंडानं बोलाचं हाये."

त्या दिवसापासून मी त्यांना शक्यता जरा मन लावून शिकवू लागले.

सराव आमच्याच व्हरांड्यात चालायचा. खरे पैसे लावायचे नाहीत, शिक्षण पूर्ण झाल्याशिवाय तर नाहीच, असा भाऊंचा दंडक. म्हणून लाखोळीचा दाणा सगळ्यात हलका, वाटाणा त्याच्या वर, आणि चिंचोका म्हणजे मोठी नोट. खेळायला भाऊ, शकुन, आमचे हे आणि मी. व्हिडिओ त्यांनी पाहिलेले, नियम त्यांनी सांगितलेले, पत्ते त्यांनी विकत आणलेले, आणि हरायचेही तेच. आमच्या ह्यांनी त्यांच्याकडून इतकी लाखोळी जिंकली की त्या महिन्यात आमच्याकडे डाळ विकत आणावी लागली नाही. एकदा भाऊ आमच्याकडे जेवले आणि बोटं चाटत म्हणाले, "डाळ मस्त झाली मॅडम." कुणाची डाळ आहे हे मी काही त्यांना सांगितलं नाही.

हरण्याचं कारण साधं होतं. पत्ते वाईट आले की त्यांचं थोबाड अगदी व्हिडिओतल्यासारखं राहायचं. चांगले आले की तेही राहायचं, फक्त मिशीचं डावं टोक वर जायचं, कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या आणि ते म्हणायचे, "शकुन, चाय टाक वं सगळ्यायसाठी." चहाचं नाव निघालं की आम्ही तिघंही पत्ते खाली ठेवून डाव सोडायचो.

"काहून? काहून टाकले पत्ते?" ते अगदी कळवळून विचारायचे.

मग थोबाडाची तालीम वाढली. व्हरांडा आणि आरसा कमी पडतो म्हणून ते फॅक्टरीतही सराव करू लागले. एक दिवस साहेब त्यांना कशावरून तरी बोलत होते आणि भाऊ दगडासारखे उभे. हो नाही, ना नाही, डोळ्याची पापणी नाही. साहेब बोलता बोलता घाबरले. त्यांनी पाणी मागवलं, दोन माणसांना धरायला सांगून भाऊंना दवाखान्यात पाठवलं. भाऊ तिथंही हलले नाहीत. संध्याकाळी गोळ्यांची पुडी घेऊन घरी आले तेव्हा त्यांची छाती फुगली होती. "डॉक्टरलेही समजलं नाही मॅडम, माह्या मनात काय हाये ते!"

साकोलीला साडूच्या मुलीचं लग्न होतं. तिथं हे चेहरा करून पहिल्या रांगेत बसले. साडूला वाटलं, पाहुणा मानपानावरून रुसला. त्यानं धावत येऊन शाल पांघरली. चेहरा तोच. मग टोपी आली. चेहरा तोच. शेवटी नवरदेवाच्या बापाकडून आणवलेला फेटा डोक्यावर चढला. शकुन सांगत होती की घरी येईपर्यंत तिला लाजेनं मान वर करता येत नव्हती, आणि हे बसमध्ये शेजारच्या माणसाला सांगत होते, "काम जमून राहिलं."

रात्री जेवणं झाली की फोनवर फुकटच्या चिप्सवर, म्हणजे खोट्या पैशांवर, खेळायचे. कुठकुठल्या देशांतली माणसं समोर, नावंही वाचता येऊ नयेत अशी. एकाच्या फोटोच्या जागी लांडगा होता. त्या लांडग्यानं भाऊंना फार छळलं. आमच्या भिंतीतून ऐकू यायचं, "टाक ना बाप्पा पत्ता, कायले वाट पाहून राहिला?" आणि थोड्या वेळानं, "घे लेका, घे. हुशार हायेस." ज्यानं हरवलं त्याची तारीफ केल्याशिवाय हा माणूस झोपायचा नाही. मी म्हटलं, "तुम्ही जुगारी आहात की परीक्षक?" तर म्हणाले, "चांगल्याले चांगलं म्हनाले काय पैसे पडतेत?"

असं करता करता श्रावण सरत आला, पोळा तोंडावर आला. भाऊंनी ओव्हरटाइमचे पैसे शकुनच्या संमतीनं वेगळे काढून ठेवले होते. तेवढेच लावायचे, त्यापलीकडे एक पै नाही, हे दोघांचं ठरलेलं. चांगला दिवस पाहून त्यांनी आम्हाला बोलावलं. पाटावर फोन ठेवला होता. फोनला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आमच्या हातावर खोबरं ठेवलं आणि डोळे मिटून पैसे भरायचं बटण दाबलं.

पैसे जाईनात. नवा कायदा आला आहे, पैशांचे खेळ बंद करण्यात आले आहेत, अशी सूचना फोनवर झळकली. आमच्या ह्यांनी ती मोठ्यानं वाचून दाखवली.

भाऊंनी फोन उचलला, स्वतः वाचली, पुन्हा वाचली. मग शांतपणे म्हणाले, "भेले."

"कोण भ्यालं?" मी विचारलं.

"सरकार. मी उतरून राहिलो म्हनून समजलं त्यायले. वर्षभर कोनी बंद नाही केलं, आन् आजच कसं केलं?"

आम्ही हसलो. तेही हसले. पण हातातला खोबऱ्याचा तुकडा त्यांनी तसाच पाटावर ठेवून दिला, आणि त्या संध्याकाळी ते पत्ते घेऊन आमच्याकडे आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आले ते नवा बेत घेऊन. आमच्या भागात पोळ्याच्या आगेमागे गावोगाव पत्त्यांचे डाव बसतात. एरवी पत्त्याला न शिवणारी माणसंही त्या दिवसांत सणाचं म्हणून बसतात. भाऊंच्या गावात तीन पत्ती चालायची. "अडाण्यायचं पोकर हाये ते," भाऊ तुच्छतेनं म्हणाले, "पन आता काय करता?"

मला काळजी वाटली. आम्ही वर्षभरात जी मिशी वाचायला शिकलो, ती गावातली माणसं लहानपणापासून वाचत होती. हे ओव्हरटाइमचे पैसे घेऊन जाणार आणि 'चाय टाक' म्हणून मोकळे होणार. आमचे हे म्हणाले, समजावून काही उपयोग नाही. तेव्हा मला एकदम सुचलं.

"भाऊ, तीन पत्तीत पत्ते न बघता खेळता येतं ना?"

"येते. ब्लाइंड म्हनतेत."

"मग तुम्ही बघूच नका. जे तुम्हालाच माहीत नाही, ते तुमच्या मिशीला कसं कळणार?"

भाऊंनी मांडीवर थाप मारली. "मॅडम, तुमी इतके दिवस कुठं होत्या?"

"शेजारीच," मी म्हटलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही चौघंही त्यांच्या गावी गेलो. थोरल्या वहिनींना मी पहिल्यांदा पाहिलं. बारीक अंग, पाठीत वाकलेल्या, पण घर असं सारवलेलं की पाय ठेवायला संकोच वाटावा. पुरुष जेवून गावातल्या बोडीकडे, म्हणजे लहान तलावाकडे गेले. तिथं आंब्याखाली डाव बसायचा. आम्ही बायका पुरणाची डाळ निवडत बसलो. बाहेर घराघरांतून गडबड चालली होती. मी विचारलं तेव्हा वहिनींनी सांगितलं, की आज खांदशेकणी. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा दुखलेला असतो, त्याला संध्याकाळी हळद आणि लोणी लावून पळसाच्या पानानं शेकायचं. मग हात जोडून त्याला उद्याच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या, असं म्हनाचं असते बाई त्यायले," वहिनी म्हणाल्या. मग रिकाम्या गोठ्याकडे पाहून जरा हसल्या. "आमच्याइथं आता कोनाले म्हनाचं?"

डावाचं वर्णन मला आमच्या ह्यांनी नंतर सांगितलं. भाऊ मांडी घालून बसले, पत्ते पुढ्यात पालथे, हात गुडघ्यावर. एकदाही उचलून पाहिले नाहीत. मिशी गपगार. त्यांचं तोंड वाचायला टपलेल्या गाववाल्यांना काही वाचताच येईना. एकेक जण उठत गेला. शेवटी उरला पुंडलिक. हा भाऊंचा बालमित्र, आणि गावातली सगळ्यात देखणी जोडी याची. तो हरत गेला तसा तापत गेला. खिसा रिकामा झाला तेव्हा म्हणाला, "जोडी लावतो."

 भाऊच म्हणाले, "नको लावू गा पुंडलिक."

"काहून? भेला का?"

बस, एवढं बोलायला नको होतं. पुंडलिकनं पत्ते उलटे केले, ओळीनं तीन आले होते. भाऊंनी आपले पत्ते पहिल्यांदा पाहिले, तेही सगळ्यांबरोबरच. तीन सत्त्या. ओळीपेक्षा तीन सारखे पत्ते भारी.

बातमी आमच्या अंगणात माणसांच्या आधी पोचली. शेजारची बाई पदर सावरत धावत आली. "वं बाई, तुह्या हिरामननं पुंडलिकची जोडी जिंकली!"

थोरल्या वहिनी उठल्या. डाळीची परात बाजूला ठेवली, खराटा घेतला आणि गोठ्यात गेल्या. त्यांनी गोठा झाडला, मी पाणी आणून दिलं, शकुननं शेजारून तणसाचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे, भारे मागून आणून पसरले. वहिनींनी बैलांच्या पाण्याची दगडी डोणी घासून भरली, खुंटे हलवून पक्के आहेत का पाहिलं. मग घरातून वाटीत लोणी आणलं, हळद कालवली आणि दिवा लावून गोठ्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. त्यांचा वाकलेला कणा मला जरा सरळ झालेला दिसला. मी तर हवेतच होते. सल्ला माझा होता ना!

दिवेलागणीला दोघं परत आले. बैल नव्हते. आमच्या ह्यांच्या पांढऱ्या शर्टाला हळद लागली होती.

"कुठं हायेत?" वहिनींनी विचारलं.

हिरामणभाऊंनी चपला दाराशी नीट जोडीनं लावल्या, मग सांगू लागले.

झालं होतं असं. हे दोघं जोडी आणायला गेले तेव्हा पुंडलिकचा म्हातारा बाप गोठ्यात बैलांचे खांदे शेकत होता. डावातलं त्याच्या कानावर काहीच आलं नव्हतं. भाऊंना पाहून त्याला आनंद झाला. "ये गा हिरामन! तुहा भाऊ आन् मी संगंसंगं शेकाचो खांदे. ये, तूही हात लाव." त्यानं पळसाचं पान भाऊंच्या हातात दिलं, दुसरं आमच्या ह्यांच्या. भाऊंनी एका बैलाचा खांदा शेकला, आमच्या ह्यांनी डोळे मिटून दुसऱ्याचा. म्हाताऱ्यानं हात जोडले, भाऊंनीही जोडले, आणि दोघांनी मिळून म्हटलं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. पुंडलिक दारात खाली मान घालून उभा होता. त्यानं कासरे सोडून हातात धरले होते.

भाऊंनी हात पुसले आणि आमच्या ह्यांना म्हणाले, "चला." पुंडलिक मागं धावत आला. "जोडी घेऊन जा. बोललो तं बोललो मी."

"त्यायले आवतन होऊन गेलं," भाऊ म्हणाले. "जेवाले बोलावलेल्या पाहुन्याले उठवून नेत नसतेत."

"मंग पोळा झाल्यावर ने."

"आवतन तुह्या बापानं दिलं, संगं मीनंही दिलं. आता ते तुह्याच घरचे. बापाले काही सांगू नको." आणि जिंकलेल्यातले आपले होते तेवढे पैसे ठेवून बाकीचे त्यांनी पुंडलिकच्या खिशात कोंबले.

हे सगळं भाऊंनी वहिनींना तुटक तुटक सांगितलं. त्या हातात वाटी धरून ऐकत होत्या. "आवतन होऊन गेलं होतं?" त्यांनी एवढंच विचारलं.

"हो वयनी."

त्यांनी दिवा आत नेला. गोठ्यात पसरलेलं तणस तसंच राहिलं.

जेवण झाल्यावर भाऊ ओट्यावर एकटे बसले होते. मी जवळ जाऊन बसले. "मॅडम, धंदा नाही जमला," ते म्हणाले. मी मुलांना कौतुकाचं फार बोलत नाही, डोक्यावर बसतात. पण त्या वेळी सरळ म्हटलं, "भाऊ, मला तुमचा फार अभिमान वाटतो."

"बरं हाये," ते म्हणाले. "अभिमानाले चारा-पानी लागत नाही."

पोळ्याला दुपारपासून डफ वाजू लागले. तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या, पुंडलिकची सगळ्यांत उठून दिसत होती. तिच्यापुढं त्याचा बाप नवं धोतर नेसून उभा होता. भाऊंनी आमच्या शेजारी उभं राहून सगळं पाहिलं. रिवाजाप्रमाणे तोरण तुटलं, जोड्या पूजेसाठी घरोघर निघाल्या, तसे आम्ही परत फिरलो. 

अंगणात थोरल्या वहिनींनी पाट मांडला होता. शेजारी पाण्याचा तांब्या, हळदकुंकवाचं ताट, निरांजन, पुरणपोळी, वडे. मला वाटलं, कुणाची तरी जोडी येणार असेल.

"हिरामन, इकडं ये. उभा राह्य पाटावर."

ते उभे राहिले. वहिनी गुडघ्यावर हात टेकत खाली बसल्या आणि त्यांनी तांब्यातलं पाणी भाऊंच्या पायांवर ओतलं. भाऊ विंचू चावल्यासारखे मागं सरले. "वयनी! काय करून राहिली तू! मोठी हायेस तू मले!"

"गप उभा राह्य. बैल बोलते का?"

शकुननं पदर तोंडात कोंबला. आमचे हे मोठ्यानं हसले. भाऊ मात्र निमूट पाटावर परत आले. वहिनींनी त्यांचे दोन्ही पाय धुतले, पदरानं पुसले. कुंकू लावायला शकुनला सांगितलं. मग उठून, त्यांच्या शर्टाची वरची बटणं सोडून, कालच्या वाटीतलं हळद कालवलेलं लोणी दोन्ही खांद्यांवर चोळलं. सावकाश, जिथं जू बसतं तिथं.

"सोळाव्या वर्षापासून या घरचं सारं यानंच ओढलं," त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या. "माह्या घरवाल्याचं दवापानी यानं केलं. माहं यानंच चालवलं. याच्या खांद्याले कोनी कधी लोनी लावलं नाही बाई."

भाऊंची मान खाली गेली होती. गालांवरून पाणी मिशीत उतरत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही. वहिनींनी पुरणपोळीचा घास मोडून त्यांच्या तोंडाशी धरला. तेवढ्यात घुंगरांचा आवाज आला. पुंडलिक जोडी घेऊन दारात आला होता, मागं त्याचा बाप. बैल अंगणात शिरणार, तेवढ्यात वहिनींनी मोकळा हात वर केला.

"थांब गा पुंडलिक. पहिले आमच्या घरचा जेवू दे."

पुंडलिक दोन्ही कासरे धरून दाराबाहेर थांबला.